सत्त्याण्णव नंबरचा खांब

शेषरावकाका,

तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्यावर चिडलेली होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला बरं पडेल.

मंगळवारी सकाळी सबस्टेशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, तुमच्या फोटोला हार घालून. फोटोत तुम्ही खांबावर चढलेले आहात आणि कॅमेऱ्याकडे न बघता तारेकडे बघताय. मी बैठकीत होते. फोन पालथा ठेवला, वीजगळतीच्या तक्त्यावर बोलले, चहा घेतला. रडूबिडू काही आलं नाही. भांडण अर्धवट टाकून निघून जायची ही कुठली रीत, एवढंच डोक्यात आलं. आज दीड महिना झाला. भांडण अजून माझ्याकडेच पडून आहे, म्हणून लिहायला बसले.

मानोऱ्याला मी सहायक अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा तुम्हाला लाईनमनच्या नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तरी अकराच्या चहाला तुम्ही ऑफिसात हजर, खांद्यावर पांढरा दुपट्टा, पायात ते टायरच्या तळव्याचे बूट. हे कोण, म्हणून मी विचारलं तर आमचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, लाईनचा नकाशा हाय थो." मला वाटलं थट्टा करतोय. ऑफिसातला नकाशा कपाटात घडी घालून ठेवलेला होता, घडीवर फाटला होता आणि त्यातले निम्मे खांब जागेवर नव्हते. तुम्ही मात्र जागेवर होता.

भांडण कशावरून झालं ते नीट लिहिते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण हा कागद उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तर त्यालाही कळावं. इंझोरीकडे जाणाऱ्या आपल्या अकरा केव्हीच्या लाईनवर चार नवे एबी स्विच आणि दोन कपॅसिटर मंजूर झाले होते. एबी स्विच म्हणजे खांबाखालचं हँडल ओढलं की पुढची लाईन बंद. बिघाड झाला तर तेवढाच तुकडा अंधारात राहतो, बाकीच्यांची वीज चालू. कपॅसिटर लाईनच्या शेपटाकडे पडलेला दाब उचलून धरतो. वस्तू सहा आणि खांब तीनशेच्या वर. कोणती कुठे बसवायची याच्या जुळण्या इतक्या होतात की हातानं मोजत बसलं तर माझी नोकरी संपेल.

म्हणून माझा एम.टेक.चा प्रोग्राम काढला. तो तुम्हाला समजावला तो दिवस मला चांगला आठवतो. मी म्हटलं, आधी आंधळेपणानं शंभर जुळण्या करायच्या. प्रत्येकीला गुण द्यायचे, म्हणजे किती लोक किती तास अंधारात राहतील, तारेत किती वीज वाया जाईल, ते बघून. चांगल्या ठेवायच्या, वाईट टाकायच्या. ठेवलेल्यांतल्या दोन-दोन घेऊन त्यांची सरमिसळ करायची, मध्येच एखादा खांब उगाच बदलून बघायचा, की झाली पुढची पिढी तयार.

"पिढी?" तुम्ही कप खाली ठेवलात. "बाप्पा! म्हंजे तुमच्या कम्प्युटरात लेकरंबाळं होऊन राह्यले?"

सगळं ऑफिस हसलं. तुम्ही नाही हसलात. थोड्या वेळानं म्हणालात, "हे तं बियाणाचं काम झालं, मॅडमसाहेब. मी वांग्याचं बी असंच धरतो." मला फार बरं वाटलं. कॉलेजात इतक्या लवकर हे कुणालाच कळलं नव्हतं, मलाही नाही. पण तुम्ही तिथेच थांबाल तर ते तुम्ही कसले.

"पन तुमी कोनतं धरता? ज्याले जास्त लागलं थे?"

"हो. ज्याला गुण जास्त."

"मी नाही धरत. जे झाड रोगात उभं राह्यलं त्याचं धरतो. लागनं काय, कमीजास्त होते." आणि लगेच, "अन् फेकलेले कुठी जातात?"

कुठेच नाही, पुसले जातात, असं मी म्हटलं. "लिवून ठेवत जा ना माय. फेकलेलं बी कदी कदी कामी येते." मी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली आणि टाकलेल्या जुळण्या एका फाइलीत जमा व्हायला लागल्या. खरं सांगायचं तर तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून वाढवली. ती फाइल मी उघडूनही बघितली नव्हती.

पहिलं भांडण तुम्ही जिंकलात. पहिल्या उत्तरात एक कपॅसिटर तांड्याच्या डीपीजवळ आला होता. तुम्ही विचारलं, तांड्याचा लोड किती धरला? रजिस्टरात आहे तेवढा, मी म्हटलं. "दिवाळी झाली का अर्धा तांडा ऊस तोडाले जाते. घराघराले कुलूप. कुलपाले काय करंट लागते?" अकोल्यात वाढलेल्या माझ्यासारखीला वीज म्हणजे बारा महिने तेरा काळ जळणारा बल्ब. मी वर्षाची सरासरी काढून रिकाम्या घरांना वीज पुरवत बसले होते. लोड महिन्यामहिन्यानं मांडला तसा तो कपॅसिटर तांड्याजवळून उठून भाजीपाल्याच्या मळ्यांकडे गेला. उन्हाळ्यात मोटारी तिकडेच जळत होत्या. मी तुम्हाला शाबास म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. "बघते," एवढंच म्हटलं. तुम्ही माझ्यासाठीही चहा सांगितलात.

अशी दीड-दोन वर्षं गेली. तुम्ही मला तुमचा मळाही दाखवलात. वांगी, पालक, कोथिंबीर, आणि बांधावर एक लिंबाचं झाड. तरी दर बाजाराच्या दिवशी तुमच्या हातात पिशवी आणि पिशवीत वांगी! मी एकदा छेडलं, "काका, स्वतःच्या वावरात ढीगभर वांगी असताना विकत कुठली आणता?" तुम्ही म्हणालात, "देविदासच्या वांग्याले चव वायली." काकूंनी आतून येऊन पिशवी उचलून नेली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या तऱ्हा, दुसरं काय.

दुसरी तऱ्हा तुमच्या दुपट्ट्याची. नोकरीत असताना लाईन बंद केली की तुम्ही दुपट्टा काढून हँडलला बांधायचात. दुपट्टा दिसला की हँडलला हात लावायचा नाही, हे या लाईनवर सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, त्यासाठी पाटी असते की, 'काम चालू आहे' लिहिलेली. तुम्ही म्हणालात, "पाटी वाचा लागते. दुपट्टा दिसते."

शेवटी प्रोग्रामचं पक्कं उत्तर आलं. सहापैकी पाच जागा तुम्हाला पटल्या. चौथा स्विच अडला. माझं उत्तर एकशे बारा नंबरचा खांब, डांबरी रस्त्याला लागून, गाडी थेट खांबापर्यंत जाते. तुमचं उत्तर सत्त्याण्णव, टेकाडावरचा. तिथे जायचं तर पायवाट, तीही पावसाळ्यात चिखलाची.

"काहून पण?" मीही शेवटी तुमच्यासारखं बोलायला लागले होते.

"सत्त्यान्नववरून नाल्यापावतर सारी लाईन दिसते. अन् लाईनवरून हँडल दिसते. जो वर चढला त्याले हँडल डोयानं दिसलं पायजे."

"काका, आता लाईन बंद केल्याचं लेखी परमिट असतं. मोबाइल आहे."

"मोबाइलले रेंज लागते. डोयाले नाही लागत."

"डोळाही चुकतो."

"डोया नाही चुकत," तुम्ही म्हणालात. "कान चुकते." हे तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात. मला त्याचा काही अर्थ लागला नाही आणि मी विचारलंही नाही. मला प्रस्ताव पाठवायची घाई होती.

आठ दिवस तुम्ही रोज तेच. सत्त्याण्णव, सत्त्याण्णव. शेवटी एका दुपारी ऑफिसच्या दारात, माझ्या हाताखालच्या दोघांसमोर, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, माझ्या प्रोग्रामनं हजारो जुळण्या तपासल्या. तुमचा सत्त्याण्णव त्यात कुठेच आला नाही."

"कुठीच नाही?"

"कुठेच नाही."

"मंग बरं," तुम्ही म्हणालात, दुपट्टा डोक्याला गुंडाळलात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी अकराच्या चहाला आला नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी एकशे बाराचा प्रस्ताव वर पाठवला, तो मंजूर झाला. एवढा कसला राग, येतील आपसूक, मी म्हटलं. तुम्ही आला नाहीत. मग तो मंगळवार आला.

तेरवीला मी गेले. मांडवात जेवण वाढत असलेला एक माणूस माझ्याजवळ येऊन बसला. साठीचा, डावा हात कोपराखाली नाही. "तुमीच का मॅडम? मी देविदास." वांगीवाले देविदासभाऊ! हे तुमच्या जोडीला लाईनवर होते, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं तुम्ही त्यांची वांगी खाल्लीत आणि एवढं एक वाक्य सांगितलं नाहीत.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट. देविदासभाऊ नाल्याजवळच्या खांबावर कामाला, तुम्ही मागे स्विचपाशी. मध्ये बाभळीचं बन आणि लाईनचं वळण, त्यामुळे एकमेकांना दिसत नव्हतात. घड्याळं दोघांकडे होती, पण दोघांची वेगळी चालायची. एसटी मात्र एकच. म्हणून तुमचं ठरलेलं होतं की साडेचारची मानोरा गाडी गेली की स्विच लावायचा, म्हणजे लाईन पुन्हा चालू करायची. पुष्कळदा असंच केलं होतं तुम्ही, काही झालं नव्हतं.

"त्या दिवशी काम उरकलं होतं," देविदासभाऊ म्हणाले. "म्या अर्थिंगची साखळी काढली, चुकून करंट आला तं जमिनीत नेते थे. उतरून राह्यलो होतो, तं तारेची एक बांधनी ढिली दिसली. म्हटलं गाडीले टाईम हाय अजून. घातला हात. अन् गाडी आली. थे मानोरा गाडी नव्हती ना मॅडम. शिरपूरच्या यात्रेकरूंची ज्यादा गाडी होती. शेषरावनं बाभळीमांगून हारन आयकला, अन् लावला स्विच."

मी पत्रावळ बाजूला सरकवली.

"त्यानं मले कदी माफी नाही मांगतली," ते म्हणाले. "मीही कदी मांग म्हटलं नाही. मी भाजी विकाले बसलो, तं दर बाजाराले येऊन घ्यायचा. सोताच्या वावरात भाजी असून. लय वर्सं. मी म्हनो, अबे शेषराव, घरी सडते ना तुही. तं म्हने, सडू दे."

काका, मला त्या मांडवात तुमचा भयंकर राग आला. त्या दारात उभे असताना एकदा तरी हे सांगायचं होतंत. मी ऐकलं असतं. नक्की ऐकलं असतं का, ते मला माहीत नाही. "कान चुकते" म्हणालात तेव्हा मी एक प्रश्न विचारायला हवा होता, तोही मी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि टाकलेल्यांची फाइल उघडली. शोधायच्या चौकटीत सत्त्याण्णव टाईप केलं. एकेचाळिसाव्या पिढीत चौथा स्विच सत्त्याण्णववर होता. नुसता होता असं नाही, त्या पिढीत आणि पुढच्या पिढीत ती जुळणी सगळ्यांच्या वर होती. मग एकशे बारा आला आणि अगदी थोड्या गुणांनी पुढे गेला. मी तुम्हाला कुठेच नाही म्हणून सांगितलं ते न बघता सांगितलं होतं. साध्या मराठीत याला खोटं बोलणं म्हणतात. त्या दिवशी मी खुर्चीत बसून रडले. ऑपरेटरनं दार लोटून घेतलं आणि चहा घेऊन येणाऱ्याला बाहेरच थांबवलं.

रडून झाल्यावर विचार केला तो असा. एकशे बारा मंजूर होता, कंत्राटदार पुढच्या आठवड्यात खांबाला हात घालणार होता. स्विच एकदा बसला की वीस-पंचवीस वर्षं कुणी हलवत नाही. तितकी वर्षं त्या नाल्याच्या बाजूला कुणी ना कुणी खांबावर चढणार, आणि खाली हँडलपाशी कोण उभं आहे, हे त्याला दिसणार नाही. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. माझ्या गणितात ते काम चोख बसलं होतं.

मी देविदासभाऊंना बोलावलं. दोन दिवस आम्ही दोघं लाईनखालून चाललो. प्रत्येक खांबाशी थांबायचं, टेकाडावरच्या एकेका खांबाकडे, मग एकशे बाराकडे बघायचं आणि वहीत लिहायचं, दिसतं की नाही दिसत. मला धाप लागत होती, त्यांना नाही. हे 'दिसतं-नाही दिसत' मी गुणांच्या हिशोबात घातलं, लोकांच्या अंधाराच्या तासांच्या शेजारी, त्यांच्याइतकंच वजन देऊन. प्रोग्राम पुन्हा चालवला.

तर काका, उत्तर अठ्ठ्याण्णव आलं.

मी तुमच्या बाजूनं एवढा खटाटोप केला आणि प्रोग्राम तुमच्या खांबावरून एक खांब पुढे जाऊन बसला! मी म्हटलं, काहीतरी चुकलंय. देविदासभाऊंना घेऊन पुन्हा टेकाडावर गेले. सत्त्याण्णवच्या खालच्या अंगाला कुणीतरी कोंबड्यांचं लांबलचक शेड बांधलंय. त्याच्या पत्र्याआड नाल्याकडचे पाच खांब झाकले जातात. अठ्ठ्याण्णववरून ते दिसतात. तुम्ही टेकाडावर शेवटचं कधी गेला होतात? गुडघे दुखायला लागल्यावर गेलाच नसाल. देविदासभाऊ हसून हसून बेजार. "पाह्य, शेषराव," ते आभाळाकडे बघून म्हणाले, "मॅडमनं तुले बी फेल केलं." मग हसणं थांबवून ते शेडआड गेलेले खांब बोटानं मोजायला लागले.

तुम्ही असतात तर शेड पाडा म्हणाला असतात, खांब बदलला नसतात. मी मात्र अठ्ठ्याण्णव लिहिला. तुमचा खांब चुकला होता. तुमचं माप चुकलं नव्हतं. माझ्या मापात चढणारा माणूसच नव्हता, आणि तो घालायला मला तुमच्या तेरवीपर्यंत वाट बघावी लागली, याची मला लाज वाटते.

सुधारित प्रस्ताव गेला तसा वरून साहेबांचा फोन आला. "मॅडम, हँडल दिसणं हा निकष कोणत्या परिपत्रकात आहे?" मी म्हटलं, "कोणत्याच नाही, सर." "मग आधी एकशे बारा का दिला होता?" "माझी चूक झाली होती. तसं मी लेखी देते." ते थोडे चरफडले, आणखी दोन कागद मागितले, आणि सही केली. तुम्ही उगाच म्हणायचात की साहेब लोकांना सांगून काही होत नाही. कधी कधी होतं.

परवा स्विच बसला. चाचणीसाठी लाईन बंद ठेवली होती. काकूंनी तुमचा दुपट्टा धुऊन, घडी घालून देविदासभाऊंकडे दिला होता. त्यांनी तो हँडलला एका हातानं गुंडाळला आणि दातांनी ओढून गाठ मारली. मी मदतीला पुढे झाले तर डोळ्यांनीच नको म्हणाले. मग ते हँडलपाशी बसले आणि मी एकटी खाली नाल्यापर्यंत चालत गेले, त्यांच्या त्या जुन्या खांबापाशी. वळून बघितलं. शेड एका अंगाला राहिलं होतं, बाभळी कधीच तोडल्यात, आणि टेकाडावर दुपट्टा वाऱ्यानं हलत होता. लख्ख दिसत होता. चष्मा काढून बघितला तरी दिसत होता.

तुमच्याशी आता भांडण नाही. एक उत्तर द्यायचं राहिलंय. त्या दुपारी ऑफिसच्या दारात तुम्ही विचारलं होतं, "कुठीच नाही?"

आला होता, काका. एकेचाळिसाव्या पिढीत आला होता, आणि दोन पिढ्या सगळ्यांच्या वर होता. मी बघितलंच नव्हतं.